तीन बोलावणी

३ नोव्हेंबर, सोमवार

जोडलं! ऑफिसचं चॅट, मेल आणि कॅलेंडर, तिन्ही एकमेकांना. दौंडच्या प्लँटमधून आयटीचा सुमित फोनवर सांगत होता आणि इकडे शिरूरच्या स्टोअरमध्ये मी बटणं दाबत होते. "मॅडम, अलाऊ करा. परत अलाऊ. झालं की." एवढंच!

मग त्याने तिकडून मेल टाकला — गुरुवारी अकराला माल मोजायचाय. माझ्या चॅटवर टिंग. मी 'येस' दाबलं, तर तो निरोप गुरुवारच्या चौकोनात अकरा वाजता आपला आपण जाऊन बसला. सुमितच्या कॅलेंडरातही. मी कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. एवढ्याशा कामाला आमच्याकडे तीन फोन आणि दोन दिवस जायचे. मेल तर कुणी उघडतच नाही. महत्त्वाचं असेल तर फोन येईल, नाहीतर माणूस येईल — ही इथली रीत.

४ नोव्हेंबर

शेजारच्या टेबलावरच्या सुरेखाने आज स्वतःलाच चार मेल पाठवले. "वाजतंय गं खरंच." दिवसभर हाच उद्योग.

६ नोव्हेंबर, गुरुवार

अकराला दोन्ही प्लँटची माणसं हजर. कुणी कुणाला फोन केला नाही! सहा वर्षांत पहिल्यांदा.

केंदूरला घरी आल्यावर आईला सांगितलं. तिला काय कळणार असं वाटलं होतं. भाकरी थापता थापता थांबली. "म्हंजी एकानं सांगितलं की समद्यांना एकदमच कळतंय? मंग भांडायला काय उरतंय?" मी हसले. पण गादीवर पडल्यावरही तेच आठवत राहिलं. खरंच काय उरतंय?

७ नोव्हेंबर, शुक्रवार



सुमित म्हणाला, जुन्या तारखाही ओढून घेऊ. घेतल्या. कॅलेंडर मागे मागे भरत गेलं. गेलं वर्ष, त्याच्या आधीचं. कधीच न उघडलेले मेल आपापल्या दिवशी जाऊन बसत होते. मग २०२२. २३ ऑगस्ट, सकाळी साडेदहा : कायम पदासाठी मुलाखत, गौतमी, स्टोअर. शिफारस : बबनराव.

माझंच नाव. खाली उत्तर : नो.

परत ५ सप्टेंबरला. नो. परत १० ऑक्टोबरला. नो.

८ नोव्हेंबर, शनिवार

'नो' मीच दाबलं. दुसरं कोण दाबणार?

तेव्हा एंट्री करताना स्क्रीनवर मधेच चौकट यायची. ती आडवी आली की 'नो' दाबायचं, म्हणजे खालची एंट्री मोकळी. वाचायचं नाही. सुरेखालाही हे मीच शिकवलं, मोठ्या शहाणपणाने. सुमितला विचारलं तर म्हणाला, "ते आमंत्रण होतं मॅडम. तुमचं उत्तर तिकडं सगळ्यांना गेलं."

सगळ्यांना. म्हणजे आप्पांनाही.

बबनरावआप्पा स्टोअरचे इन्चार्ज होते. मला काँट्रॅक्टवर लावलं त्यांनीच. आमच्यातलेच, आईला बहीण मानतात. त्या जुलैत म्हणाले होते, "तुझं नाव दिलंय पोरी, आता कायम हुशील." ऑगस्टमध्ये त्यांची दौंडला बदली झाली. ऑक्टोबरच्या मध्यात यादी लागली. सुरेखाचं नाव होतं, माझं नव्हतं. मी म्हटलं, आपल्याच माणसाने पाय ओढले. वस्तीत सांगत सुटले. त्यांचे फोन उचलले नाहीत. एवढंच नाही, त्यांच्या लेकीच्या, गौरीच्या लग्नाला आईलाही जाऊ दिलं नाही. अजून मी काँट्रॅक्टवर. आणि तीन वर्षं मनातल्या मनात त्या माणसाला शिव्या देतेय.

जायला हवं. उद्याच.

९ नोव्हेंबर, रविवार

आप्पा रिटायर होऊन कासुर्डीला राहतात. स्कूटीवर न्हावरे, चौफुला करत गेले. वाटेत चारदा वाटलं परत फिरावं.

ओट्यावर लसूण सोलत बसले होते. मला बघून म्हणाले, "ये. पाणी पी आधी." मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चौकट, नो, जुन्या तारखा. फोनवर दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि तिन्ही तारखा बोटाने वाचल्या.

"मला वाटलं, पोरीला दुसरीकडं चांगलं काय तरी गावलं आसंल. म्हणून न्हाई म्हणती." मग म्हणाले, "मुलाखत घेणाऱ्या त्या पुण्याच्या साहेबाला मी म्हणलं, अजून एकदा इचारा. शानी हाय पोरगी, पर हट्टी."

"आप्पा, मी तुमच्याबद्दल वाईट बोलले. गावभर."

"आलं व्हतं कानावर."

बस्, एवढंच म्हणाले! तीन वर्षं हा माणूस सगळं ऐकत राहिला आणि एकदाही उलटून बोलला नाही. आप्पांच्या बायकोने, धुरपदाकाकूंनी चहा दिला. आप्पांनी मग विचारलं की मेल चॅटवर येतो कसा, आणि मी लहान पोरीसारखी सांगत बसले. निघताना म्हणाले, "मशीनची चूक, तुझी न्हवं. आईला घिऊन ये एकदा."

परतीच्या वाटेवर मी मोठ्याने रडले. हलकं वाटलं. किती अजब आहे हे सगळं — एक बटण आमच्यात उभं राहिलं, आणि दुसऱ्या बटणाने बाजूला केलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

सुरेखाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण ते आले होते की. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी, दौंडहून, खास तुला भेटायला. तुझ्या टेबलापुढे उभे होते. तू कानात इअरफोन घातलेस. विसरलीस?"

विसरले नाही. इअरफोनमध्ये काहीच चालू नव्हतं. त्यांनी दोनदा हाक मारलेली मी ऐकली होती.