रेघेच्या वर तेल

आश्विन शु. ९, अमडापूर
खंडेनवमी. मळ्यातल्या डिझेल इंजिनाची पूजा. मळ्यातला गडी किसन. त्यानं हवेच्या गाळणीची वाटी उतरवली, खालचा गाळ खरवडला, नवं तेल ओतलं. चौथीत माझ्यापाशी कविता काय गोड चालीवर म्हणायचा! आता मलाच शिकवतो. "गुरुजी, हवा नळीतून येते, तेलावर आपटते. धूळ तेलातच बसते. उरलीसुरली जाळी धरते. तेल मात्र या रेघेपावतर. वर गेलं तं इंजिन तेलच पेते."
तो हार आणायला गेला. वाटी अर्धीच दिसत होती. सणाला समई कोणी अपुरी ठेवतं? काठोकाठ भरली. तेलावर झेंडूची पाकळी वाहिली, वाटी लावून टाकली.

शु. १०
दसरा. मिरचीचं पीक पाण्यावाचून सुकत होतं म्हणून लेकानं, माधवनं, सकाळीच इंजिन फिरवलं. आधी तीच लय, वर्ग एका सुरात म्हणायचा तशी. डोळे मिटले मी.
मग पिसाटलं. पांढरा धूर. डिझेल तोडलं तरी थांबेना, जोत्यासकट हादरत होतं. पट्टा तुटला तो माधवच्या गालावर. लेकाचं कातडं उघडं पडलं. किसननं हवेच्या तोंडावर गोणपाट दाबलं तेव्हा कुठं मेलं.
किसननं वाटी खोलली. आत पाहिलं, मग माझ्याकडे. काहीतरी उचलून मूठ मिटली.
माधव उसळला. "काऊन बे, मले मारून राह्यला होता का? काय लपवतं? मूठ उघड!"
"काई नाही, दादा."
माधवनं इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल त्याच्या मनगटावर हाणलं. हाड वाजलं. दुसरा घाव पाठीत, तिसरा... मूठ उघडली नाही.
मीही तोंड उघड...

शु. ११
किसनचा भाऊ महादू कुऱ्हाड घेऊन दारात. "भावाचा हात मोडला, आता माह्या मोड! ये भाईर!" माधव धावला. "बाबा, मधात नका येऊ!" लोकांनी ओढलं दोघांना. महादू जाताना थुंकला. "उद्या मळ्यात ये. एकटा."
जुन्या कविता आठवून पाहिल्या. एकही पुरी होईना.

शु. १२
पहाटे मळ्यातून वाटी आणली. माधव गालाला पट्टी लावून निघालाच होता, हातात तेच हँडल. वाटी पुढं ठेवली.
"ही म्या भरली होती. किसननं नाही. त्याच्या मुठीत माझ्या पूजेची पाकळी होती."
आधी वाटीतली रेघ पाहिली त्यानं. मग माझं मनगट, बराच वेळ.
निघून गेला. वेशीपाशी दोन वाटा फुटतात, एक मळ्याकडे, एक किसनच्या घराकडे. इथून वेस दिसत नाही. हँडल मात्र घरात नाही.