डाव्या मागच्या चाकातला आवाज

१० नोव्हेंबर, सोमवार

आवाज आहेच! शनिवारी गॅरेजवाल्या शामूने पुढचे लिंक रॉड बदलून दिले, म्हणाला, आता गप्प होईल. आज खानापूरला शाळेला जाताना देसूरच्या पुढं रस्ता खराब लागला आणि सुरू — खळ खळ खळ, पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावेत तसा. चांगल्या रस्त्यावर नाही. वेगात नाही. हळू चालवताना, खड्ड्यांतच.

हे असते तर एका फेरीत सांगितलं असतं, काय बिघडलंय ते.

असते तर — काय लिहितेय मी! आहेत की. समोर पलंगावर बसलेत. मार्चमध्ये झटका आला; उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सव्वीस वर्षं उद्यमबागेतल्या कारखान्यांत फौंड्रीची मशिनं दुरुस्त केली ह्यांनी. आता काठी टेकत न्हाणीपर्यंत जातात, तेवढंच. चहा हवा का विचारलं की मान हलवतात — हो. चहा नको का विचारलं तरी हो. त्यामुळं विचारायचंच सोडलंय सगळ्यांनी. मीसुद्धा.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अर्धा दिवस रजा टाकून गाडी परत शामूकडे. त्याने डिकीतली स्टेपनी, जॅक, सगळं बाहेर काढून गाडी फिरवून बघितली. चाकांचे नट आवळले. मागच्या शॉकअपचे रबर झिजलेत म्हणाला, तेही बदलले.

घरी येताना वडगावच्या वळणावर आवाज आला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ह्यांना व्यायामाला घेऊन गेले. नेहमीसारखे माझ्या शेजारच्या सीटवर. विणकरांच्या मागांच्या गल्लीतून सावकाश चालले होते. तो आवाज सुरू झाला आणि ह्यांचा डावा हात आडवा आला — हँडब्रेक वर ओढला! दोन खटके. चालत्या गाडीत. मी लिव्हर खाली दाबला आणि ओरडले. थोडं पुढं गेलो, परत आवाज, परत हात. मागून रिक्षावाला हॉर्न मारतोय. तिसऱ्यांदा हात आला तेव्हा मी त्यांच्या मनगटावर मारलं.

मारलं. लिहून ठेवते, म्हणजे मला विसरता येणार नाही. नंतर वाटभर ते खिडकीकडे तोंड करून बसले होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

ह्यांचे थोरले भाऊ, भावकू भावजी, गावाहून आले होते. त्यांना हँडब्रेकचं सांगितलं. म्हणाले, "त्येला काय कळत न्हाय आता. एक दिवस दोघंबी जाशिला." मग त्यांनी पिशवीतून एक छापील कागद काढला. निपाणीच्या अलीकडं एक केंद्र आहे, अशा माणसांना सहा महिने ठेवून घेतात. व्यायाम करून घेतात, बोलायला शिकवतात. भावजींच्या ओळखीचं कुणी तिथं राहून आलंय.

विचार करते म्हणाले. खरं म्हणजे विचार झालाच होता. शाळा, घर, अंघोळ, भरवणं. दमलेय मी. भावजींना तसं बोलूनही दाखवलं — हे तिथंच बसलेले असताना. बोलणं झाल्यावर भावजी कागद ह्यांच्याच मांडीवर ठेवून जेवायला उठले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

भावजींना हो कळवलं. येत्या रविवारी न्यायचं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

शाळेतून एकटीच येत होते. खळखळ चालली होती. आणि एकदम डोक्यात आलं — शनिवारी ह्यांचा हात त्या लिव्हरकडे नक्की कधी गेला? चौकात थांबलो होतो तेव्हा नाही. चांगल्या रस्त्यावर नाही. तीनही वेळा आवाज चालू असताना. आणि लिव्हर वर होता तेव्हा आवाज येत होता का? मला काय माहीत, मी ओरडत होते!

मागं-पुढं कोणी नाही बघून गाडी अगदी हळू केली. हँडब्रेक दोन खटके वर ओढला.

आवाज बंद.

सोडला — खळ खळ. परत ओढला — गप्प. पाच-सहा वेळा करून बघितलं. मग गाडी कडेला घेतली आणि किती वेळ तशीच बसून राहिले. मनगटावर मारलं ते आठवत होतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज रजा घेतली. ह्यांना शेजारी बसवून उद्यमबागेत शामूच्या गॅरेजवर गेले. शामूला सांगितलं, हँडब्रेक थोडा ओढला की आवाज थांबतोय. म्हणाला, मी भलतीकडंच शोधत होतो. गाडी उचलून त्याने आधी डावं मागचं चाक काढलं, मग ब्रेकचा ड्रम. आत ब्रेकचा लायनर जागेवर धरणारी स्प्रिंग तुटली होती. लायनर सैल होऊन वाजत होता. हँडब्रेक ओढला की तो ड्रमला टेकायचा, म्हणून गप्प. स्प्रिंगचा बोटभर तुकडा तळाशी मोकळा पडला होता.

"बाई, ह्यो तुकडा मधी अडकला असता तर पळत्या गाडीत चाक जाम झालं असतं," शामू म्हणाला.

रोज मी त्या रस्त्यावरून जाते, पुढं-मागं ट्रक असतात.

त्याने विचारलं, कुणी सांगितलं तुम्हाला? मी ह्यांच्याकडे हात केला. शामू हात पुसत गेला, ह्यांच्या तळहातावर तो तुकडा ठेवला आणि म्हणाला, "मिस्त्री, तुमीच वळखलासा बघा." ह्यांनी तुकडा अंगठ्याने उलटासुलटा करून बघितला, तुटलेल्या टोकावरून नख फिरवलं. कामावरून आल्यावर जेवतानाही एखाद्या मशिनच्या विचारात असायचे, तसा चेहरा. आठ महिन्यांत पहिल्यांदा दिसला.

घरी आल्यावर त्यांच्यासमोर बसून माफी मागितली. मारल्याबद्दल. बाकीचं कसं मागायचं ते सुचलं नाही — आठ महिने त्यांच्यासमोर काय काय बोलले मी! डॉक्टरांशी, शेजारणीशी, फोनवर. सगळं ऐकत होते.

मग भावजींना फोन लावला. रविवारचं रद्द म्हणून सांगितलं. ते वाद घालायला लागले. मी म्हणाले, "त्यांना सगळं कळतंय, भावजी. आपणच त्यांना विचारायचं सोडलं." ते म्हणाले, बघ बाई, तुझं तुला.

फोन ठेवून ह्यांच्याकडे बघितलं. वाटलं होतं, खूश होतील. तसं काही दिसलं नाही. दमले असतील.

२२ नोव्हेंबर, शनिवार

व्यायामाला जाऊन आलो. गाडी गप्प. हेही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी उठले तर पलंग रिकामा. दार उघडं. हे बाहेर गाडीत बसलेले, मांडीवर बॅग. एका हाताने कोंबलेले शर्ट चेनमधून बाहेर आलेले. मी म्हणाले, जायचं नाहीये आता, मी रद्द केलंय. त्यांनी खिशातून निपाणीचा तो कागद काढला. 'बोलण्याचे प्रशिक्षण' असं छापलंय त्या ओळीवर बोट ठेवलं. मग तेच बोट ओठांवर.

भावजींना परत फोन लावला आणि दुपारी ह्यांना केंद्रात पोचवून आले. रडले मी. ते नाही.