डाव्या पायाचा बंदोबस्त

२ मे २००१
आजपासून राग बंद. कायमचा.
ऑर्केस्ट्राचे मालक सावळीरामभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, भारत, तुझा डावा पाय ताल सोडतो. वीस तारखेला सटाण्याची हळद आहे. तिथं पाय सुधारला नाही तर तुझ्या जागी मशीन बसवतो. मशीन म्हणजे एक डबा. बटण दाबलं की आपोआप ड्रम वाजतात. मी शांतपणे ऐकून घेतलं. फक्त एक खुर्ची मोडली. ती आधीपासूनच हलत होती.

४ मे
पायात काही खोट नाही. लग्नाआधी मी नाशिक ढोल वाजवायचो, कमरेला बांधून, मिरवणुकीत चालत. मोठ्या ठोक्याला डावा पाय उचलायचा, ही आमच्या पथकाची शान. आता ड्रमवर बसलो तरी मोठ्या ठोक्याला तो उचलला जातो. वास्तविक तेव्हाच पेडल दाबून हाय-हॅटच्या दोन थाळ्या मिटवायच्या असतात. चिक्. माझ्या नेमक्या उघडतात. छिस्स. मला तर तेच भारी वाटतं.

५ मे
प्रॅक्टिस. कीबोर्डवाला शाहनवाज मधेच थांबून म्हणाला, भारतभाई, पैर उलटा पड रहा है. मी शांत होतो. हातातली स्टिक शांत नव्हती. त्याच्या कपाळाला टाके पडले. वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण ड्रमरच्या इतक्या जवळ बसावं कशाला माणसानं?

७ मे
शास्त्रीय कार्यक्रम सुरू. पाय चुकला की नडगीवर लाटण्याचा फटका. दीपमाला म्हणाली, अहो, पोळ्या करायच्यात, लाटणं द्या. जेवण उशिरा. नडगी काळीनिळी. पाय हट्टी आहे. दीपमाला म्हणते, कुणावर गेलाय तेही बघा.

११ मे
भिंतीवरच्या घड्याळाबरोबर ताल धरला. घड्याळ मागे पडतं. दोनदा समजावलं, मग स्टूल फेकून मारलं. दीपमाला काही न बोलता काचा भरत होती. तिनं ओरडावं. गप्प बसली की मला भीती वाटते.

१४ मे
अंबडला कंपनीत फोरमननं विचारलं, लंगडतोस का? त्याची कॉलर धरली, अगदी हलकेच. तरी आठवडाभर घरी बसवलंय. बरंच झालं, प्रॅक्टिसला वेळ मिळाला.

१८ मे
उपाय सापडला! पाय पेडलला आणि पेडल स्टँडला, सुतळीनं करकचून. करून पाहिलं. पाय तसूभर हलला नाही. वाजलंही काही नाही, पण हलला नाही हे महत्त्वाचं. कार्यक्रमात जरा सैल बांधू.

२० मे, सटाणा, दुपार
मांडवात बसून लिहितोय. सुतळी ठरल्याप्रमाणे जरा सैल बांधली. गाठ अशी मारलीय की माझ्याच्यानंसुद्धा सुटणार नाही. शाहनवाज कपाळावर पट्टी लावून आलाय. म्हणाला, भारतभाई, आज अपन फोड देंगे. मी म्हटलं, तू फक्त माझ्या पायाकडे कान ठेव.

२२ मे, दवाखाना
फोडलं.
सुरुवात झकास झाली. मग सवयीनं पाय उचलला जायला लागला. मुलाकडचे शाहनवाजच्या तालावर नाचत होते, मुलीकडचे माझ्या हाय-हॅटवर. एक रांग पुढे आली, तेव्हाच दुसरीही पुढे आली. नवरदेवाच्या मामाचं डोकं मुलीच्या चुलत्याच्या नाकावर बसलं. कोणीतरी ओरडलं, आपल्या माणसाला हाणलं रे! त्यानंतर खुर्च्या उडाल्या, हळदीचं पातेलं उडालं, एक म्हातारा चप्पल घेऊन दोन्ही बाजूंना मारत सुटला. मग चुलत्यानं रक्ताळलेल्या नाकानं माझ्याकडे बोट दाखवलं. का, ते अजून कळलेलं नाही.
सगळ्यांत आधी सावळीरामभाऊ टेम्पोत चढले. मी उठलो, तर हाय-हॅटही माझ्याबरोबर उठला. तो पायाला घेऊन मांडवभर पळालो. प्रत्येक पावलाला चिक्. चिक्. चिक्. आयुष्यात पहिल्यांदा डावा पाय अचूक तालात होता आणि ऐकायला कोणी नव्हतं, सगळे मारायला होते. दारातल्या कमानीत स्टँड अडकला. घोटा मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.
टेम्पो सुटला होता. त्यातून शाहनवाज उडी मारून परत आला. माझ्यावर आडवा पडला, माझ्या वाटणीचे फटके पाठीवर घेतले आणि आचाऱ्याच्या सुरीनं सुतळी कापली.

२९ मे
शाहनवाज आला. कपाळाची पट्टी निघालीय, हाताला नवी आहे. त्याच्या अम्मीनं, खातूनबींनी, दालचा-भात पाठवला होता. खाली बघत म्हणाला, कल कळवण में शादी थी. मशीन लगाया. विचारलं, भांडण? म्हणाला, नहीं हुआ, सब मस्त नाचे. डबा उघडून माझ्यापुढे ठेवत म्हणाला, मगर मजा नहीं आया, भारतभाई.
मला त्याची माफी मागायची होती. आठवडाभर वाक्य जुळवत होतो. तोंडातून निघालं, सुरी जरा लवकर आणायचीस. तो हसला, डबा धुऊन गेला.
तो गेल्यावर रडलो. प्लास्टरच्या आत खाजत होतं, हेही होतंच.

३० मे
डोक्यावरचा पंखा टक् टक् करतो. प्लास्टरबाहेर आलेल्या बोटांनी सकाळपासून त्याच्याबरोबर ताल धरलाय. जमत नाही.
पंखा चुकतोय. सिस्टरना सांगतो. शांतपणे.