फरशीची धूळ

दादा,

आज डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो बघितला. म्हणाले, "फरशी कापताना उडणारी धूळ आत बसलीय. ती आता निघायची नाही." मग विचारलं, "घरात आणखी कुणी हेच काम करतं?"

मी घाबरून "नाही" म्हणालो. खरं तर मशीन धरायला तूच शिकवलंस, आणि हल्ली जिना चढताना तू मध्येच भिंतीला टेकतोस. विडीचा खोकला म्हणून हसण्यावारी नेतोस. मला मात्र तुझ्या हसण्याचीही धास्ती वाटते.

तुला आलेली पत्रं वहिनी वाचून दाखवते. तिला हे मोठ्याने कसं वाचायला लावू? म्हणून हे पाठवत नाही. उद्या मीच येतो, तुला दवाखान्यात न्यायला. "काही होत नाही रे," म्हणशील. या वेळी मी ऐकणार नाही.

तुझा,
धाकटा