बंदुकीच्या कपाटात फ्रॉक

अहो, सांगितलं तर ऐकत नाही, म्हणून ही कहाणी वाचा.

बूढापारा मोहल्ल्यात एक बाई होती. तिच्या नवऱ्याने चोरांच्या भीतीने लायसनची बंदूक घेतली. चोर काही आला नाही. एका पहाटे जावई आला, तर नवऱ्याने आधी बंदूक उचलली, मग चष्मा शोधला. तेव्हापासून जावई फाटकातूनच ओरडतो, "पापाजी, मैं भार्गव!" आणि नातीला आजोळी राहू देत नाही.

मग निवडणूक आली, नियमाप्रमाणे बंदूक ठाण्यात जमा झाली. नवरा असा घोरू लागला, की चोर आला असता तरी घाबरून पळाला असता.

काल ठाण्यातून निरोप आला, "बंदूक घेऊन जा." बाई म्हणाली, "काहून आणता? विकून टाका." नवरा म्हणाला, "पाहू."

बाई आता नातीला आणायला जावयाकडे समता कॉलनीत गेली आहे. बंदुकीच्या कपाटात तिने पोट्टीचे फ्रॉक लावलेत, तिथे दुसऱ्या कशाला जागा नाही. वांग्याची भाजी झाकून ठेवली आहे. जेवा, ठाण्यात जा, विकायचा अर्ज द्या आणि रिकाम्या हाताने परत या.

संध्याकाळी दार वाजेल. आधी चष्मा घाला.

सुशीला