दोन ओळींतच कळतं

३ जानेवारी
आजपासून प्रबंध. म्हणजे गेली काही वर्षं चालूच आहे, आजपासून जोमाने. विषय: निरनिराळ्या शाखांचे विद्यार्थी आपल्या प्रबंधाचा सारांश कसा रचतात. हा विषय आजवर कुणाला सुचला नाही, यावरून इथली एकंदर पातळी कळते. मार्चअखेरीस समितीपुढे उभं राहायचं, नाहीतर नोंदणी रद्द, असं गाइडबाई म्हणाल्या. ही शेवटची मुदतवाढ म्हणे. मार्चला भरपूर वेळ आहे.

९ जानेवारी
लायब्ररी. रसायनशास्त्र. काय केलं, कसं केलं, काय मिळालं, संपलं. किराणा दुकानाची पावती बरी.

२१ जानेवारी
इंजिनिअर. ‘प्रस्तुत प्रबंधात एक नवीन पद्धत मांडली आहे.’ प्रत्येकाची नवीनच. दोन ओळी वाचल्या आणि पुढचा उचलला. मला दोन ओळींत माणूस कळतो.

२ फेब्रुवारी
इतिहासवाले. नुसतं पाल्हाळ. अमुक काळात तमुक परिस्थिती होती, अभ्यासकांनी दुर्लक्ष केलं. स्वतः काय शोधलं, याचा पत्ता नाही. तक्त्यात ‘निष्कर्ष’ या रकान्यात ओळीने ‘नाही’ भरत गेलो. त्यात बायकोचाही प्रबंध आला. ती इतिहासात डॉक्टर. संशोधकाला नातीगोती नसतात. तिला अर्थात सांगितलेलं नाही.

१४ फेब्रुवारी
सर्दी. काम बंद. सारांश शेवटपर्यंत वाचतोस ना, असं बायकोने विचारलं. मी म्हटलं, ढीगभर आहेत. ती म्हणाली, एकेक पान तर असतं. डॉक्टरेट मिळाली की माणसं अशी वरच्या पट्टीत बोलायला लागतात.

२४ मार्च
माझा स्वतःचा सारांश तयार. मुख्य शोध: इतिहासाचे विद्यार्थी निष्कर्ष लिहीतच नाहीत. नक्की ना, असं गाइडबाईंनी दोनदा विचारलं. मोठं काम झालं की लहान माणसं घाबरतात. कोट इस्त्रीला टाकला. बायकोलाही यायला सांगितलं. आपल्या शाखेची शोभा तिने समक्ष बघावी.

२९ मार्च, दुपार
समितीतले इतिहासाचे सर आगाऊ आहेत. तक्ता बघितला, माझ्याच फाइलमधला एक सारांश काढला आणि मोठ्याने वाचला, अगदी खालपर्यंत. शेवटच्या दोन ओळींत निष्कर्ष निघाला. दुसऱ्यातही निघाला. त्यांच्यात म्हणे तो शेवटीच लिहितात. तसं असेल तर वर पाटी लावायला नको? तिसरा बायकोचा होता. ती मागच्या खुर्चीत बसली होती. सर म्हणाले, यांचा तर चांगला चार ओळींचा आहे. गाइडबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.
नोंदणी रद्द. माझा सारांश त्यांनी पुरता वाचलासुद्धा नाही. दोन ओळी वाचून माणसाला निकालात काढायचं, ही यांची विद्वत्ता.

२९ मार्च, संध्याकाळ
घरी आल्यावर बायकोने चहा ठेवला, एकच कप. मग तिने विचारलं की, लग्नाआधी तिने मला तिचा अख्खा प्रबंध वाचायला दिला होता आणि मी फार आवडला म्हणालो होतो, तो कुठपर्यंत वाचला होता. मी म्हटलं, पूर्ण. शेवट तर विशेषच आवडला होता. काय आहे शेवट, असं तिने विचारलं.
ती दारात उभी आहे. मी लिहिण्यात गर्क आहे.