चाकांवरचा पाट

चंदनसार, विरार (पूर्व)
७ ऑक्टोबर २००७

तीर्थस्वरूप शत्रुघ्नदादांना दिगंबरचा नमस्कार.

गणपतीच्या आधी आलेल्या तुमच्या पत्राला उत्तर द्यायला पितृपक्ष उजाडला, याची माफी मागतो. कामात होतो असे लिहिणार होतो, पण ते पूर्ण खरे नाही. काय लिहावे तेच ठरत नव्हते. (फोन केला असता, पण फोनवर मला नीट आणि खरे एकाच वेळी बोलता येत नाही.) तुमची पाठ कशी आहे? वहिनींना पुण्याची हवा आता मानवली असेल. तुमची बहीण बरी आहे. रीमा माझ्यावर चिडलेली आहे एवढेच, आणि त्याचे कारण पुढे येईल.

तुम्ही लिहिलेत की आईंचे गुडघे गेले, गास गावातल्या वाडीत त्या एकट्या, तेव्हा दिवाळीनंतर त्यांना पुण्याला न्यायचे आणि वाडी कोणाला तरी कसायला द्यायची. मला ते पटले होते. तसे उत्तरही मनात तयार होते. मध्येच स्केटबोर्ड आला.

स्केटबोर्ड म्हणजे चार चाकांची फळी. तिच्यावर उभे राहून घसरत जायचे. तिला मोटार लावली तर चंदनसारहून स्टेशन रिक्षाशिवाय गाठता येईल, असे माझ्या मनात आले. (पंचेचाळिशीत हे मनात का यावे, यावर मी बराच विचार केला. रीमाला रिक्षाच्या रांगेचे कारण सांगितले. खरे कारण वेगळे असावे, पण ते अजून सापडलेले नाही.) प्लायवूडचे पातळ थर एकमेकांना चिकटवले आणि फळीला बाक यावा म्हणून दोन्ही टोकांखाली जाड पुस्तके व मध्यावर तांदळाची गोणी ठेवली. गोंद वाळेपर्यंत गोणी हलवायची नव्हती, त्यामुळे घरात चार दिवस भात झाला नाही. मोटार भंगारातल्या विजेच्या स्कूटरची, बॅटरी ऑफिसात बाद झालेल्या यूपीएसची (साहेबांची चिठ्ठी घेऊन आणली). मोटारीपासून चाकापर्यंत आधी रीमाच्या शिलाई मशीनचा पट्टा लावला. तो घसरला, मग तुटला. आता सायकलची चेन आहे आणि रीमा पोलक्यांना हाताने टाके घालते आहे.

चाकांचे दोन्ही आस वसईला आल्बर्ट कारागिराच्या गाळ्यात लेथवर करून घेतले. कागदावर मी रुंदी वीस अशी लिहिली आणि पुढे सेंटिमीटर लिहायला विसरलो. गाळ्यात सगळे इंचांत बोलतात. आस आले ते हातभर रुंद. मी विचारले तेव्हा आल्बर्ट म्हणाला, "मला वाटला तू गाडा करतो. म्हटला शिकलेला मानूस, कायतरी विचार केला असेल." यात चूक कोणाची, हे मी दोन्ही बाजूंनी तपासले. माझीच आहे. तरी त्याने एकदा विचारायला हवे होते, असे मला अधूनमधून वाटते.

आमच्या सोसायटीत चाचणीला मनाई झाली, म्हणून सगळे सामान गासला नेले. तुमच्या ओटीपासून बावखलाच्या तळ्यापर्यंत सिमेंटची सरळ वाट आहे, ती मला आदर्श वाटली. पहिल्यांदा मी केळीत पडलो, नंतर मोगऱ्यात. आई ओटीवर गजरे ओवत बसल्या होत्या. "जावयबापू," त्या म्हणाल्या, "उभं राहाला कोनी सांगितलं तुमाला?" मी सांगितले, आई, हे उभ्यानेच चालवतात, सगळ्या जगात. "जगाचे गुडघे चांगले असतील," त्या म्हणाल्या आणि आतून त्यांचा जेवायचा पाट आणवला.

तो पाट आल्बर्टच्या रुंद आसांवर असा बसला की जणू मापे त्यासाठीच दिली होती. माझी फळी मी काढली (गोणीचा बाक उत्तम आला होता, हे नोंदवून ठेवतो). पाय घसरू नयेत म्हणून फळीला पॉलिश पेपर लावतात, तसा पाटालाही लावला. त्याने आईंचे लुगडे फाटले. आता तिथे घडी घातलेली गोधडी आहे. आईंच्या हातात दाराच्या बेलचे बटण दिले आहे: दाबले की पाट चालतो, सोडले की मोटार बंद. वळायचे तर पंगतीत शेजारणीच्या कानात बोलताना कलतो तेवढे कलायचे. दोन वर्षे ज्या मोगऱ्याला आई ओटीवरून नुसत्या पाहत होत्या, तो आता त्या मांडी घालून स्वतः खुडतात. शेजारची सालोमी म्हणते, "कृष्णाबाय, तुझा रथ, आनि मी काय चालत जाऊ?" तिने स्वतःसाठी एक सांगून ठेवला आहे. तिच्या आसांची मापे मी अजून दिलेली नाहीत.

हे सगळे मी केवळ माहिती म्हणून कळवतो. निर्णय तुमचा.

आपला
दिगंबर

ता. क. वरचे शेवटचे वाक्य खरे नाही. आईंना नेऊ नका. निदान होळीपर्यंत थांबा. हे पत्र लिहायला मला त्यांनीच सांगितले, आणि त्यांनी सांगितले हे लिहायचे नाही असेही सांगितले.

ता. क. दुसरा. मोटार बंद झाली तरी पाट लगेच थांबतो असे नाही, आणि ती वाट बावखलाकडे उतरती आहे. आई काठी केळीच्या बुंध्याला अडकवून थांबतात. गुरुवारी काठी ओटीवर राहिली. पाणी कमरेइतकेच होते. मी धावत पोचलो तेव्हा त्या बावखलाच्या पायऱ्या स्वतः चढून वर येत होत्या. त्या पायऱ्या त्यांनी दोन वर्षांत चढल्या नव्हत्या. "पानी गरम हाय," म्हणाल्या, "शत्रूला कळवू नका." हे त्यांच्या बाजूने मोजायचे की विरुद्ध, हे मला ठरवता आलेले नाही. पण लपवून तुमची परवानगी मिळवणे बरोबर वाटले नाही, म्हणून कळवले. (आईंना मी कळवल्याचे कळवू नका.)

रोजनिशीच्या सवयीने खाली लिहितो.

उद्याचे काम: ब्रेक.